आवकेचा शिक्का कुठे बसतो?

कुठल्याही सरकारी कार्यालयात पाऊल टाका, मग ते पर्वरीच्या सचिवालयातलं असो की काणकोणच्या मामलेदाराचं, दाराजवळचं पहिलं टेबल आवक-जावकचं असतं. त्यावर एक जाड नोंदवही, एक शाईची डबी, एक गोल शिक्का आणि त्यामागे एक कारकून. कारकुनांच्या उतरंडीत ही जागा सगळ्यांत खालची समजतात. नवीन आलेला, निवृत्तीला टेकलेला किंवा साहेबाच्या मर्जीतून उतरलेला माणूस तिथे बसवायचा, असा आमच्याकडचा अलिखित रिवाज. मी स्वतः त्या टेबलावर दोन वर्षं काढली आहेत, म्हणून ठामपणे सांगतो की त्या कार्यालयात त्या शिक्क्याइतकी ताकद दुसऱ्या कशात नव्हती. साहेबाची सही नंतर. पत्र कार्यालयाचं होतं ते शिक्का बसतो त्या क्षणी. तारीख पडली, क्रमांक पडला, की ‘आम्हाला मिळालंच नाही’ म्हणायची सोय संपली.

आता माझा प्रश्न असा की हा शिक्का आज कुठे बसतो? कागद कमी झाले आहेत, अर्ज, हरकती, खुलासे, निविदा सगळं ई-मेलने येतं. दाराजवळचा कारकून ती पत्रं पाहतही नाही. मग आवक करतो कोण?

याचं उत्तर कायद्यात आहे आणि ते फार कमी लोकांनी वाचलंय. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याचं १३वं कलम ई-पत्राच्या जावक-आवकेबद्दल आहे. दोन्ही पक्षांत वेगळं काही ठरलेलं नसेल, तर घेणाऱ्याने जी संगणक यंत्रणा पत्रं घेण्यासाठी नेमून दिली असेल तिच्यात पत्र शिरलं की ते पोचलं, असं हे कलम सांगतं. उघडलं का, वाचलं का, छापून फायलीला लावलं का, याचा संबंध नाही. ‘स्पॅममध्ये गेलं होतं हो, आज पाहिलं’ हा आपला आवडता बचाव या कलमापुढे टिकणं कठीण. म्हणजेच आवकेचा शिक्का आता सर्व्हरवर बसतो. त्या सर्व्हरची देखभाल करणारा जो कुणी असेल, तोच खरा आवक-जावक कारकून. आणि त्याचीही पत उतरंडीत सगळ्यांत खाली. एवढं मात्र बदललेलं नाही!

मी कला शाखेचा पदवीधर. संगणक शिकलो तो कार्यालयात, गरजेपुरता. तरी हे मेल-सर्व्हरचं प्रकरण समजून घ्यायला लागलो तेव्हा वाटलं, अरे, हे तर आपलंच काम आहे! दोन सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात ते पाहा. पत्र घेऊन आलेला सर्व्हर आधी ‘हेलो’ म्हणतो (आज्ञेचं नावच तसं आहे) आणि आपलं नाव सांगतो. समोरचा म्हणतो, २५०, म्हणजे ठीक आहे. मग हा सांगतो, पत्र अमक्याकडून आहे. २५०. तमक्यासाठी आहे. २५०. मग मजकूर देतो, शेवटी एका ओळीवर नुसता पूर्णविरामाचा ठिपका ठेवतो. समोरचा पुन्हा म्हणतो, २५०, घेतलं. हा जो शेवटचा २५० तो आवकेचा शिक्का. तो उच्चारल्यानंतर पत्राची जबाबदारी घेणाऱ्या सर्व्हरची. शिपाई टपालवही पुढे करतो आणि आपण सही करतो, त्याहून हे कणभरही वेगळं नाही. ही बोलण्याची रीत जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहून ठेवली. पुढे भर पडत गेली, पण गाभा तोच आहे.

दोनने सुरू होणारा आकडा म्हणजे होकार. चारने सुरू झाला तर ‘आता जमत नाही, नंतर ये’. पाचने सुरू झाला तर ‘घेणार नाही, पुन्हा येऊ नकोस’. ‘नंतर ये’ म्हटलेली पत्रं पाठवणाऱ्या सर्व्हरवर रांगेत उभी राहतात आणि तो ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा दार ठोठावतो. निदान चार-पाच दिवस प्रयत्न करावेत असा संकेत आहे. एवढं करूनही जमलं नाही तर पत्र परत येतं, सोबत कारण लिहिलेला कागद येतो. सरकारी कामात इतकी सभ्यता मी क्वचितच पाहिली आहे.

हा परतीचा कागद ज्याच्या नावाने येतो त्याला ‘मेलर-डीमन’ म्हणतात. नाव वाचून लोक दचकतात, व्हायरस समजून पुसून टाकतात. १९६०च्या दशकात एमआयटीतल्या संगणकवाल्यांनी मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या काल्पनिक ‘डीमन’वरून हे नाव घेतलं. कुणाला न दिसता मागे सतत राबणाऱ्या प्रणालीला ते डीमन म्हणू लागले. जुन्या ग्रीकांचा डायमॉन म्हणजे सैतान नव्हे, तो देव आणि माणूस यांच्यामधला. आम्हा गोंयकारांना हे समजावून सांगायची गरजच नाही. आपला देवचार तोच की! शिवेवर राहणारा, रात्री हातात दांडा घेऊन गाव फिरणारा, चुकलेल्याला घरापर्यंत पोचवणारा राखणदार. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून नव्या वहाणा ठेवणारी माणसं आपल्या गावांत आहेत. मेलर-डीमन हा त्याच जातकुळीचा. आपलं पत्र शिवेवरून परत आणून देतो आणि का परत आलं तेही सांगतो. आपण मात्र त्याचं बोलणं न वाचता त्याला हाकलतो.

ते बोलणं वाचणं किती मोलाचं असतं ते एका प्रकरणात पाहिलं. पेडणे तालुक्यातल्या एका विधवा बाईच्या अर्जावर एका कार्यालयाने (नाव कशाला घ्या?) त्रुटी काढली आणि ठरावीक तारखेपर्यंत कागद ई-मेलने पाठवायला सांगितलं. तिच्या मुलाने मुदतीच्या दोन दिवस आधी ते पाठवले. ते परत आले. कार्यालयाची टपालपेटी काठोकाठ भरली होती, वर्षानुवर्षं कुणी ती रिकामी केली नव्हती. मुदत संपली, अर्ज निकालात निघाला. आता गंमत पाहा, खरं तर गंमत नव्हे, क्रूर थट्टा. कायद्याच्या अक्षराप्रमाणे पत्र यंत्रणेत शिरलंच नाही, म्हणजे आवक झालीच नाही. पण आवक झाली नाही ती कुणामुळे? दाराजवळच्या टेबलावर बसून मी जर म्हटलं असतं की माझ्या टेबलावर जागा नाही, तुमचा अर्ज घेत नाही, तर साहेबांनी मला उभा केला असता. इथे तेच यंत्राने केलं आणि कुणालाच उभं केलं गेलं नाही.

त्या मुलाचं शहाणपण एवढंच की त्याने परतीचा कागद पुसला नाही. छापून घेतला. त्यावर तारीख होती, वेळ होती, आणि ‘५५२, पेटी भरली आहे’ असं इंग्रजीत स्पष्ट होतं. तो कागद घेऊन मायलेक वरिष्ठांकडे गेले. वरिष्ठ समंजस निघाले, विलंब माफ झाला. पण सगळेच वरिष्ठ समंजस नसतात आणि सगळीच मुलं कागद छापून ठेवत नाहीत.

मेल-सर्व्हर सांभाळणारा माणूस म्हणजे नक्की काय करतो हे मला कळलं ते गोव्यात नव्हे, सुरतेत, नवागाममध्ये. माझी एक मावसबहीण लग्नानंतर धुळ्याकडची झाली आणि मग नवऱ्याच्या नोकरीपायी सुरतेला गेली. उधन्यापासून जळगावकडे जो लोहमार्ग जातो त्याच्या आसपास नवागाम-डिंडोलीचा हा पट्टा. जळगाव, धुळे, नंदुरबारहून यंत्रमागावर, रंगाई-छपाईच्या कारखान्यांत पोट भरायला गेलेल्या खानदेशी माणसांनी तो भरला आहे. दुकानावर गुजराती पाटी आणि आत अहिराणी बोलणं. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. माझा भाचा अशाच एका शाळेतून शिकला, पुढे बीएस्सी झाला, संगणकाचा कोर्स केला आणि एका कापड कंपनीत लागला. हुद्दा ‘कॉम्प्युटर ऑपरेटर’. कंपनीचा मेल-सर्व्हर सांभाळायचं काम त्याच्याकडे कुणी आदेश काढून दिलं नाही. ‘तुला कळतंय ना, बघ जरा’ म्हणून ते आलं आणि चिकटलं. हे वाचून हसू नका. आपल्या कितीतरी कार्यालयांत असंच आहे.

आम्ही गेलो होतो त्या आठवड्यात त्याची झोप उडाली होती. कंपनीची पत्रं परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे पोचत नव्हती. मालकाला वाटलं गिऱ्हाईक टाळतंय. गिऱ्हाइकाला वाटलं कंपनी गप्प बसलीय. लाखोंचा व्यवहार नुसत्या गैरसमजावर तुटायच्या बेतात. भाचा रात्री घरी जेवणानंतर लॅपटॉप उघडून बसला, मी शेजारी. पडद्यावर ओळींमागून ओळी. वेळ, कुणाकडून, कुणाला, किती मोठं, पुढे काय झालं. मी म्हटलं, ही तर जावक वही! तो म्हणाला, “हो मामा. आणि ह्या वहीत कुणी मागची तारीख टाकत नाही.”

त्याची पद्धत मला फार आवडली. तो म्हणाला, पत्र पोचलं नाही अशी तक्रार आली की तीनच प्रश्न विचारायचे, आणि त्याच क्रमाने. आपल्याकडून निघालं का? समोरच्याने घेतलं का? घेतल्यावर त्याने कुठे ठेवलं? पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही. लोक उलटं करतात, आधी तिसऱ्यावरून भांडतात. त्या रात्री वहीने सांगितलं की पत्रं निघत होती, पण समोरून ५५० येत होता, आणि सोबत कारणही, की तुमचा पत्ता काळ्या यादीत आहे. हे कारण दोन दिवस परतीच्या कागदावर लिहून येत होतं. ऑफिसातल्या मंडळींनी ते पुसून टाकलं होतं.

काळ्या यादीत का? वही मागे उलगडत नेल्यावर दिसलं की लेखा विभागातल्या एका खात्यावरून रात्री दोन ते पाच या वेळात हजारो पत्रं बाहेर जात होती. पासवर्ड कुणीतरी ओळखला होता. तो ओळखणं काही अवघडही नव्हतं, कंपनीचं नाव आणि पुढे १२३. मग भाच्याने काय केलं तर आधी ते खातं बंद केलं. नंतर पासवर्ड बदलवले. मग रांगेत अडकलेल्या हजारो कचरापत्रांतून खरी साठ-सत्तर पत्रं वेचून बाजूला काढली आणि बाकीची टाकून दिली. एका आज्ञेत सगळी रांग पुसता आली असती, पण त्यात कुणाच्या मालाची ऑर्डर असेल कुणी सांगावं! आणि हे सगळं झाल्यावर मग काळ्या यादीवाल्यांना विनंती, की आमचं नाव काढा. मी विचारलं, विनंती आधीच का नाही केली? तो म्हणाला, “मामा, गळती चालू असताना माफी मागितली तर ते एकदा नाव काढतात, पुन्हा घालतात, आणि मग लवकर काढत नाहीत.” बाविशी-तेविशीतल्या पोराला प्रशासनाचं हे मर्म कळलेलं पाहून मला बरं वाटलं. पुढे काही दिवसांत पत्रं जाऊ लागली. कंपनीत त्याचं कौतुक झालं का? नाही. सर्व्हर चालू असतो तेव्हा तो सांभाळणारा कुणाला दिसत नाही, आणि बंद पडला की तेवढा तोच दिसतो.

यात खोटेपणाचाही एक मोठा भाग आहे. ई-पत्राची रीत घडली तेव्हा जाळ्यावर ओळखीची, विद्यापीठातली माणसं होती. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहावं, तपासणी नाही. त्याचे परिणाम आपण भोगतोच. बँकेच्या नावाने, आयकर खात्याच्या नावाने खोटी पत्रं येतात. यावर तीन उपाय निघाले आहेत, नावं रुक्ष आहेत पण कल्पना सोप्या. एसपीएफ म्हणजे आमच्या वतीने टपाल नेणारे शिपाई कोण याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर, वाटेत कुणी मजकूर बदलला तर ती तुटते. आणि डीमार्क म्हणजे आमच्या नावाने मोहोर नसलेलं पाकीट आलं तर ते काय करायचं याची आम्हीच दिलेली सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांना, म्हणजे दिवसाला ५,००० च्या वर, या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. लहानांनाही थोडीफार ओळख दाखवावी लागते. सहकारी पतसंस्था, शाळा, देवस्थान समित्या यांनी दहा वर्षांपूर्वी कुणाकडून तरी मेल लावून घेतलेला असतो. ही मोहोर कुणी लावलीच नाही तर त्यांची सभेची नोटीस सभासदाच्या कचरापेटीत जाते आणि मग सभेत आरडाओरडा, मुद्दाम कळवलं नाही म्हणून.

कुणी म्हणेल, हे लहानांचे रोग. तसं नाही. १ जानेवारी २०२२ रोजी जगभरातल्या कार्यालयांत, जिथे मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर आपल्याच जागेत चालत होता, तिथे पत्रं रांगेत अडकून पडली. कारण काय? विषाणू तपासणारा भाग तारीख एका लांबलचक आकड्यात लिहीत होता. नवीन वर्ष लागताच तो आकडा झाला २२०१०१०००१, आणि तो साठवायला दिलेल्या जागेत २१४७४८३६४७ पेक्षा मोठा आकडा मावतच नव्हता. तपासनीस कोलमडला आणि तपासणीशिवाय पत्र पुढे सोडायचं नाही हा नियम, म्हणून सगळं टपाल ठप्प. जग नववर्षाच्या सुट्टीवर, आणि सर्व्हरवाली माणसं पहाटेपासून कामाला. त्याआधी मार्च २०२१ मध्ये त्याच सर्व्हरमधल्या भोकांतून चोर शिरले होते. दुरुस्ती २ मार्चला प्रसिद्ध झाली, पण ज्यांनी ती लगेच लावली नाही अशी हजारो कार्यालयं उघडी पडली. त्या सर्व्हरच्या २०१६ आणि २०१९च्या आवृत्त्यांची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. दुरुस्त्या फुकट मिळत होत्या तेव्हाही न लावणारे आता काय करत असतील याची कल्पना न केलेली बरी.

आणि दूर कशाला जा? जून २०२२ मध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, आपल्या जलस्रोत खात्याच्या पूर-निरीक्षण यंत्रणेच्या सर्व्हरवर हल्ला झाला. नद्यांवरच्या पंधरा ठिकाणांहून येणारी माहिती ज्यावर साठते, त्यातल्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. तो मेलचा सर्व्हर नव्हता, पण दुखणं तेच. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर घाला पडला आणि देशातल्या सगळ्यांत नावाजलेल्या रुग्णालयात नोंदी हाताने लिहायची पाळी आली. अशा वेळी एकच प्रश्न उरतो, नक्कल आहे का? आणि ती उघडून कधी पाहिली आहे का? कारण नक्कल घेतो असं सगळेच सांगतात. ती परत चढवून पाहणारा विरळा.

या बाबतीत आपण गोवेकरांनी तरी कुणाकडून शिकायची गरज पडू नये. आपल्या पुराभिलेख खात्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते, जेव्हा इतिहासकार दियोगु दु कौतु यांना इथल्या दफ्तराचे रखवालदार नेमलं गेलं. तिथे ‘मोन्सोंयश दु रैनु’ नावाची बाडं आहेत, लिस्बन आणि गोवा यांच्यातला पत्रव्यवहार. जहाजं मोसमी वाऱ्यांबरोबर येत-जात, म्हणून नावातच मोसम. पोर्तुगीजांच्या राजवटीबद्दल आपलं मत काय आहे ते मी सांगायला नको, पण त्यांच्या कारकुनांची एक गोष्ट वाखाणण्यासारखी. महत्त्वाचं पत्र एकाच जहाजाने पाठवत नसत. पहिली प्रत एका जहाजाने, दुसरी दुसऱ्याने, आणि प्रत्येकीवर ‘पहिली वाट’, ‘दुसरी वाट’ अशी नोंद. एक जहाज केप ऑफ गुड होपपाशी बुडालं तरी पत्र पोचावं. आज मेल-सर्व्हरवाले एक सर्व्हर पडला तर टपाल दुसऱ्याने घ्यावं अशी तजवीज करतात ती हीच. आणि म्हणूनच चारशे वर्षांपूर्वी कोण कुणाला काय म्हणालं ते आपले संशोधक आज वाचू शकतात. आपण मात्र २००५ सालचा कार्यालयीन पत्रव्यवहार आज वाचू शकतो का? तेव्हाच्या साहेबाच्या खासगी फुकट खात्यात तो होता, साहेब निवृत्त झाले, पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. वाळवीने कागद खाल्ला तर निदान भुसा तरी उरतो.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये ई-मेलचं धोरण जाहीर केलं, सरकारी कामासाठी सरकारीच मेल वापरावी म्हणून. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र म्हणजे एनआयसी हे काम कितीतरी वर्षं सांभाळत होतं. २०२३ मध्ये त्याचं कंत्राट तामिळनाडूतल्या झोहो या कंपनीला मिळालं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या वृत्तांनुसार १२ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांची खाती तिकडे गेली. यावर बाजूने आणि विरुद्ध बरंच बोललं गेलं. माझं मत साधं आहे. घर बदलायला हरकत नाही, भारतीय कंपनी असेल तर चांगलंच. पण घर बदललं म्हणून दाराशी बसणारा माणूस नको असं होत नाही. सर्व्हर चेन्नईत असो की पणजीत, आपल्या पेटीत काय आलं, काय परत गेलं, कुठलं पत्र चुकून कचऱ्यात पडलं हे रोज सकाळी पाहणारा माणूस त्या कार्यालयातच हवा. कंत्राटदार यंत्र चालू ठेवील. पेडण्याच्या बाईचा अर्ज परत गेला हे त्याला कळणार नाही, आणि कळलं तरी दुखणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या चारच आहेत, आणि एकीलाही फारसे पैसे लागत नाहीत. पहिली, कार्यालयाचा पत्ता पदाच्या नावाने असावा, माणसाच्या नव्हे. बदली झाली की पत्रव्यवहार खुर्चीबरोबर राहावा. दुसरी, आवक-जावक कारकुनाच्या कामांच्या यादीत ई-टपाल स्पष्ट लिहावं, त्याला आठवडाभराचं नीट प्रशिक्षण द्यावं, आणि पेटी भरत आली तर सांगायचं कुणाला ते ठरवून द्यावं. तिसरी, ज्या परतीच्या कागदावर दोष कार्यालयाच्या पेटीचा दिसतो, तो कागद नागरिकाने मुदतीत पत्र दिल्याचा पुरावा मानावा. एक परिपत्रक पुरेल. आणि चौथी, प्रत्येक डोमेनवर ‘पोस्टमास्टर’ नावाचा पत्ता असलाच पाहिजे असा या व्यवहाराचा जुना जागतिक नियम आहे. ती पेटी जिवंत माणसाने वाचावी. सर्व्हर बिघडल्याची तक्रार करायची कुठे, याचं उत्तर ‘बिघडलेल्या सर्व्हरवर’ असं नसावं.

शेवटी भाषेचं. त्याशिवाय माझं समाधान व्हायचं नाही. ई-पत्राची रीत इंग्रजीत जन्मली, तिला सुरुवातीला फक्त रोमन अक्षरं वाहता येत. १९९२ मध्ये ‘माइम’ची रीत आली आणि इतर लिप्यांना वाट मिळाली, पण कशी? देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, आणि तीन बाइट वाहायला रोमन लिपीतली चार अक्षरं. ‘गोवा’ हा शब्द, दोन व्यंजनं आणि दोन मात्रा, वाटेत सोळा रोमन अक्षरांच्या वेषात प्रवास करतो आणि आपल्यापुढे येऊन पुन्हा ‘गोवा’ होतो. मधल्या एखाद्या सर्व्हरची किंवा कार्यक्रमाची मांडणी चुकली की विषयाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी मराठीत मेल पाठवली आहे त्यांना ही प्रश्नचिन्हं चांगली आठवत असतील.

आता पत्तासुद्धा देवनागरीत असू शकतो. त्याचे नियम २०१२ मध्ये झाले, ‘.भारत’ हे नाव ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, राजस्थान सरकारने २०१७ मध्ये ‘राजस्थान.भारत’ वर लोकांना हिंदीत पत्ते देऊ केले. तरी असा पत्ता सरकारी अर्जात भरून पाहा. बहुतेक ठिकाणी ‘अवैध’ म्हणून लाल अक्षरं येतात. गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. आपण दोघी बहिणींनी त्यावरून बरीच वर्षं भांडण केलं. लिपी दोघींचीही देवनागरी आहे, आणि यंत्र दोघींनाही दारातूनच परत पाठवतं. त्या पत्त्यातल्या ‘@’ला मात्र पोर्तुगीजमध्ये आजही ‘आर्रोबा’ म्हणतात, जुन्या वजनाचं नाव, सुमारे १४.७ किलोचं. त्यांच्या वजनाला या पत्त्यात जागा आहे आणि आपल्या अक्षरांना नाही, हे मला खटकतं. सर्व्हरमध्ये देवनागरी पत्ते घेण्याची सोय चालू करणं हे आज तांत्रिकदृष्ट्या अशक्य काम नाही. कुणीतरी ते करायला सांगावं लागतं आणि दुसऱ्या कुणीतरी बसून ते करावं लागतं.

तो बसून करणारा माणूस आपण अजून नेमलेला नाही. संगणक घेतले, तारा टाकल्या, उद्घाटनं झाली, पण आवकेचं टेबल रिकामं ठेवलं. कागदाच्या दिवसांत ज्या कार्यालयाला आवक वही नव्हती त्या कार्यालयावर कुणी विश्वास ठेवला असता का? मग आज ठेवायला का सांगता?